हाताचा फोटो

दौंडात एक्स-रेला फोटो म्हणतात. पायाचा फोटो, छातीचा फोटो, मणक्याचा फोटो. जयसिंग डॉक्टरांच्या अस्थिरोग रुग्णालयात हे फोटो निखत शिकलगार काढायची, म्हणून तिला सगळे फोटोवाल्या बाई म्हणत. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर दुमजली इमारत, तळमजल्यावर जिन्याखाली तिची खोली आणि तिला लागून फिल्म धुवायची कपाटाएवढी काळोखी खोली. वडील इब्राहिम शिकलगार रेल्वेच्या शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मुलीनं पुण्यात राहून एक्स-रेचा कोर्स केला तेव्हा मोहल्ल्यात बोलणारे बोलले. सत्त्याण्णव साली तिला गावातच नोकरी लागली तेव्हा तेच लोक गुडघे धरून तिच्या दारात आले आणि म्हणाले, "बेटी, जरा चांगला काढ."

रक्त, पू, ओकारी यांची किळस पहिल्या सहा महिन्यांतच संपली. उसाच्या गाडीखाली सापडलेले पाय तिनं सरळ करून फिल्मच्या चपट्या डबीवर, कॅसेटवर, ठेवले होते, रुळावरून उचलून आणलेल्या माणसांचे फोटो काढले होते आणि त्यानंतर हात धुऊन डबाही खाल्ला होता. फिल्म धुवायच्या पाण्याचा आंबूस वास तिच्या बोटांना कायमचा चिकटला होता. घरी आई तिला पीठ मळू देत नसे. त्याचंही तिला काही वाटत नसे. तिला किळस यायची ती दोन शब्दांची.

जयसिंग डॉक्टर फिल्म वाळायची वाट बघत नसत. निखतनं हँगरला लावलेली ओली फिल्म घेऊन जिना चढायचा, डॉक्टरांनी ती खिडकीकडे धरायची, पाणी टेबलावर ठिबकायच्या आत परत द्यायची. फिल्म बघायची दिव्याची पेटी भिंतीवर होती, पण तिच्यावर औषध कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं असे. हाड मोडलेलं असलं तर डॉक्टर खुशीत येत; हाड हे त्यांचं काम होतं, आणि ते काम त्यांना चांगलं जमायचं. हाड शाबूत असलं की ते म्हणत, "काही नाही."

हे दोन शब्द जिना उतरेपर्यंत "फोटोत काय न्हाई" असे व्हायचे. रुग्ण गावी पोचेपर्यंत त्यांचा अर्थ एवढाच उरायचा की माणूस खोटं बोलतोय.

म्हस्कू पहिल्यांदा आला तो दोन हजार दोनच्या जानेवारीत. वय अठ्ठावीस, भीमेच्या पलीकडचा, शिरूर तालुक्यातल्या मांडवगणच्या बाजूच्या एका वस्तीवरचा. कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात तो कंत्राटावर पिंपं चढवायचं काम करायचा. पहिल्या पाळीला निघाला होता, धुकं होतं, आणि उसाची ट्रॉली दिवा न लावता रस्त्यातच उभी होती. मोटारसायकल ट्रॉलीवर आदळली आणि तो उजव्या खांद्यावर पडला. खांदा जमिनीत रुतला, डोकं उलट्या बाजूला फेकलं गेलं. रक्त म्हणाल तर कानशिलावर एक ओरखडा. त्याला घेऊन आले होते त्याचे कंत्राटदार बापूसाहेब, त्याच गावचे बागायतदार, सोसायटीचे संचालक, आणि त्यांच्या जीपमध्ये मागं बसून आलेली त्याची बायको म्हाळसा.

दारातल्या टेबलाशी संपत कंपाउंडर बसायचा. नाव, गाव, वय आणि कुठल्या भागाचा फोटो, एवढा कागद तो करायचा.

"काय व्हतंय?"

"हात चालत न्हाई," म्हस्कू म्हणाला.

"कुठला?"

"उजवा."

संपतनं इंग्रजीत लिहिलं : राइट हँड.

मराठीत हात खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत असतो. इंग्रजीतला हँड मनगटाशी संपतो. संपतच्या शाळेच्या पुस्तकात हात म्हणजे हँड एवढंच होतं आणि तेवढ्यावर त्याचं पंधरा वर्षं निभावलं होतं. डॉक्टरांनी वर बसून कागदावर सही केली. माणूस खालीच होता.

निखतनं कागद वाचला आणि समोर पाहिलं. म्हस्कूचा सगळा हात खांद्यापासून लोंबत होता, खुंटीवर अडकवलेल्या ओल्या टॉवेलसारखा. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरून तो टेबलापर्यंत आणला आणि सोडला. पंजा कॅसेटच्या कडेवर आपटला. निखतनं एकेक बोट सुटं करून पंजा नीट पसरला. म्हस्कू भिंतीकडं बघत होता.

"ठिवला का?" त्यानं विचारलं.

"काय?"

"हात. ठिवला का?"

ती त्याचा अंगठा दाबून धरून उभी होती आणि तो विचारत होता, ठेवला का.

निखत दारात आली. "संपतभाऊ, याचा अख्खा हात गेलाय. वरचा घेऊ का, खांद्यापासून?"

"लिवलंय तेवढं काढा की बाई. बाहेर नऊ नंबर हायेत."

तिनं लिहिलंय तेवढा काढला. फिल्म सुरेख आली; पंजाची सत्तावीस हाडं वेगवेगळी मोजून घ्यावीत. कोपऱ्यात तिची उजव्या बाजूची शिशाची खूण. डॉक्टर म्हणाले, "काही नाही. मुका मार आहे. पट्टी बांधा, गोळ्या द्या."

फेब्रुवारीच्या शेवटी तो परत आला. पट्टीखालचा हात बारीक झाला होता. बापूसाहेब या खेपेला चिडलेले होते, कारण कारखान्यातून विचारणा झाली होती की माणूस फिट आहे की नाही, ते लेखी द्या.

"पंजाचा झाला, आता जरा वरचा काढा," ते संपतला म्हणाले. "एकदाचं कळू द्या काय ते. दीड महिना झाला गडी जावयावानी बसून खातोय."

संपतनं कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग लिहिला. त्यातही सगळी हाडं शाबूत होती.

फिल्म धुऊन निखत बाहेर आली तेव्हा बाकावर तिघं बसले होते. बापूसाहेबांनी चहा मागवला होता. म्हस्कू तोंड वळवून म्हाळसाशी बोलत होता आणि त्याचा उजवा हात मांडीवर पडला होता. बापूसाहेबांनी संपतकडं बघून डोळा मिचकावला आणि चहाचा उकळता ग्लास उचलून म्हस्कूच्या पंजावर टेकवला. टेकवूनच ठेवला.

म्हस्कू बोलतच होता. शेळी कुणाकडं बांधायची, असं काहीतरी.

"बघ संपत, बघ!" बापूसाहेब म्हणाले. "पापणी हालली का? ह्याला म्हणत्यात नट! तमाशात घातला तर फड चालवंल ह्यो."

संपत हसला. म्हाळसाचं लक्ष गेलं आणि तिनं फटका मारून ग्लास उडवला. "अवं बापू, भाजतंय की त्यास्नी!"

"भाजलं असतं तर वरडला नसता व्हय? तूच सांग."

म्हाळसा पदरानं पंजा पुसायला लागली. म्हस्कूनं हाताकडं पाहिलं. चामडी लाल झाली होती. तो त्या लाल चामडीकडं दुसऱ्या कुणाच्या हाताकडं बघावं तसा बघत राहिला, मग ओशाळून हसला, जणू चूक त्याचीच.

निखत हँगर धरून उभी होती. फिल्मचं पाणी तिच्या चपलेत गळत होतं.  ज्याला उकळता चहा कळत नाही त्याचं काय गेलंय, हे तिला त्या क्षणी कळलं होतं. तरी ती नेहमीसारखी जिना चढली, दोन शब्द ऐकले, उतरली.

त्या संध्याकाळी तिनं घरी हे सांगितलं. इब्राहिमभाई ओट्यावर बसून दाढ कोरत होते. त्यांना हातातलं कळत नव्हतं, पण गाड्यांतलं कळत होतं.

"डब्बे का ब्रेक नै लगता तो डब्बाच खोलते बैठतीस क्या?" ते म्हणाले. "पैले इंजन से आनेवाला होजपाईप देख, कां निकल्या सो."

"अब्बा, कागद पे डब्बाच लिखा रैता."

"कागद लिखनेवाला फिटर है क्या?"

निखतनं माळ्यावरची कोर्सची वही काढली. तिच्याच अक्षरात होतं ते. हाताच्या सगळ्या नसा मानेतून निघतात, पाच मुळांनी. नस फोटोत येत नाही, हाड येतं. पण जोरानं ताण बसून मूळ उपटलं, तर मानेच्या मणक्याचा बाजूचा टवका कधीकधी सोबत तुटतो, आणि तो फोटोत येतो. पुढं लिहिलं होतं की त्या बाजूचा डोळा बारीक होतो. शेवटच्या ओळीखाली तिनं तेव्हा दोन रेघा मारल्या होत्या : दुरुस्ती सहा महिन्यांच्या आत, नंतर स्नायू वाळतो, मग नस जोडून उपयोग नाही.

या ओळी तिनं परीक्षेत लिहिल्या होत्या. त्यांना गुण मिळाले होते. जानेवारीत माणूस समोर बसला होता तेव्हा त्यातलं एक अक्षर तिला आठवलं नव्हतं. आता आठवलं, तेव्हा म्हस्कू गावी गेला होता; निरोप धाडायला तिच्या ओळखीचं तिथं बापूसाहेबांखेरीज कुणी नव्हतं.

तिसऱ्यांदा म्हस्कू आला तो एप्रिलअखेर. आता बापूसाहेबांना फोटो नको होता, कागद हवा होता. पण कागदासाठी फोटो लागतो, म्हणून संपतनं खांद्याचा लिहिला. पंजावर भाजल्याची जखम चिघळली होती. तिला वास येत होता आणि म्हस्कूला ती दुखत नव्हती. निखतनं त्याला उभं करताना तोंड उजेडाकडं वळवलं. उजवी पापणी अर्धी खाली आली होती.

"हा डोळा कधीपासून असा?"

"तवापासनंच हाय," म्हाळसा दारातून म्हणाली. "मला वाटलं झोप न्हाई म्हणून आसंल. सासू म्हनती, डोळा मारतोय मेला."

खांद्याला मधल्या आकाराची कॅसेट पुरते. निखतनं सर्वांत मोठी घेतली, मान आत येईल अशी तिरकी लावली आणि मग कागदावर नसलेला मानेचा एक वेगळा फोटोही काढला. काळोख्या खोलीत तांबड्या दिव्याखाली फिल्म हळूहळू उमटली. मानेच्या सर्वांत खालच्या मणक्याच्या उजव्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा टवका सुटून बाजूला पडला होता.

तिनं कधी केलं नव्हतं ते केलं. फिल्म पंख्याखाली वाळवली, वर नेली, कॅलेंडर उचलून बाजूला ठेवलं आणि पेटीचा दिवा लावला. बापूसाहेब डॉक्टरांसमोर बसले होते.

"सर, इथं बघा. मान. आणि त्याचा उजवा डोळा बारीक झालाय. मुळं तुटली असतील. पुण्याला एमआरआय केला तर दिसेल."

डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं. "हा डाग आहे. डेव्हलपर किती दिवसांचा आहे तुझा?"

"धुवायचं पाणी कालच बदललंय, सर."

"मग धुताना नख लागलं असेल." ते बापूसाहेबांकडं वळून हसले. "आमच्याकडं आता फोटो काढणाऱ्यांनासुद्धा डिग्री द्यावी लागेल. निखत, तू काढायचं काम कर. वाचायचं आमच्यावर सोड. आणि न सांगता जादा फिल्म वापरायची नाही."

"नस तर चालू हाय त्याची," बापूसाहेब म्हणाले. "मी सवता मनगट धरून बघितली की. टकटक वाजतीय."

डॉक्टरांना ठाऊक होतं की ती नाडी. तरीही त्यांनी लेटरहेड ओढलं आणि लिहिलं, उजव्या हातास कोणतीही इजा आढळलेली नाही, कामावर हजर होण्यास योग्य. निखतनं ते उलटं वाचलं. फोटोंपुरता पहिला भाग खोटा नव्हता. हातात खरोखरच काही नव्हतं. तीन महिने सगळ्यांनी मिळून तेवढंच तर सिद्ध केलं होतं, आणि तिन्ही फिल्मांवर खूण तिच्या हातची होती. तिला दोन्ही माणसांची किळस आली आणि जिना उतरताना स्वतःचीही.

म्हाळसा नळावर पाणी पीत होती. निखतनं तिला जिन्याखाली ओढलं आणि वाळलेली फिल्म पदराआड दिली.

"नीट ऐक. याच्या हाताला काही झालेलं नाही. मानेत झालंय. मानेतनं हाताला ज्या नसा जातात त्या तुटल्यात."

"नसा तर दिसत्यात की, बाई. ह्या काय, हिरव्या."

"त्या रक्ताच्या. या वेगळ्या, वायरसारख्या. बटण इथं, दिवा तिथं. वायर तुटली तर दिवा बदलून काय होणार? साडेतीन महिने गेलेत. सहाच्या आत काही झालं तर झालं, नाहीतर हे मांस वाळून जाईल आणि मग देव आला तरी उठणार नाही. पुण्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. आणि तिथं हात म्हणायचं नाही. हा शब्दच काढायचा नाही. मान म्हणायचं."

"मान," म्हाळसा म्हणाली. मग तिनं निखतचं मनगट धरलं. "बाई, आमास्नी तिथं कोन उभं करतंय? तुमी चला की."

निखतला जायचं नव्हतं. पुढच्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, ती सकाळच्या शटलनं त्यांच्याबरोबर गेली.

तिथल्या बाह्यरुग्ण विभागात अकरा वाजता नंबर लागला. टेबलामागं एक शिकाऊ डॉक्टर, दोन रात्री न झोपलेला.

"काय होतंय?"

"हात..." म्हस्कू सवयीनं म्हणाला.

"मान!" म्हाळसा ओरडली. "मान म्हना, मान!"

"मान दुखते?"

"न्हाई," म्हस्कू म्हणाला.

"मग वळत नाही का?"

म्हस्कूनं मान दोन्हीकडं वळवून दाखवली. "वळती की."

"अहो मग आलात कशाला? ऑर्थोला जा, चौदा नंबर. नेक्स्ट."

निखत पुढं झाली. तिनं काही न बोलता फिल्म त्याच्या पेटीवर अडकवली आणि दाण्यावर बोट ठेवलं. नंतर म्हस्कूच्या मनगटाला धरून हात उचलला आणि सोडून दिला. तो टेबलाच्या कडेवर आपटला तेव्हा शिकाऊ डॉक्टर दचकला; म्हस्कू नाही. डॉक्टर उठला. त्यानं बॅटरी घेऊन दोन्ही डोळे पाहिले, भाजलेली जखम पाहिली, म्हस्कूला डोळे मिटायला लावून टाचणीनं खांद्यापासून खाली टोचत गेला. दंडाच्या मध्यापासून पुढं म्हस्कूचं 'टोचतंय' म्हणणं बंद झालं.

"हे कधीचं?"

"जानेवारीतलं," निखत म्हणाली.

"आणि मे चालू आहे. इतके दिवस काय करत होतात?"

"फोटो काढत व्हतो," म्हस्कू म्हणाला. टोमणा नव्हता तो. विचारलं म्हणून सांगितलं.

एमआरआयचा नंबर महिनाभरानं लागला. जून उजाडला होता. निखत परत रजा टाकून गेली. डॉक्टरांना तिनं मावशीचं दुखणं सांगितलं. म्हस्कूच्या कमरेचा करदोटा कापला, गळ्यातला ताईत काढला. मशीनचा बोगदा पाहून तो मागं सरला.

"पाऊण तास हालायचं नाही," ऑपरेटर म्हणाला.

"अर्धा तर तसाबी हालत न्हाई," म्हस्कू म्हणाला आणि आत गेला.

ऑपरेटर निखतच्याच कोर्सचा निघाला, तीन वर्षं मागचा. त्यानं तिला काचेआड शेजारी उभं राहू दिलं. आतून खिळे ठोकल्यासारखा आवाज येत होता आणि पडद्यावर म्हस्कूची मान एकेका चकतीनं सरकत होती. निखतनं पाच वर्षांत हजारो मानांची हाडं पाहिली होती. हाडांच्या आत काय चालतं हे ती पहिल्यांदा बघत होती. मधोमध मज्जारज्जूचा करडा ठिपका, भोवती पाण्याचं पांढरं कडं, दोन्ही बाजूंना मुळांचे काळे धागे. डावीकडं प्रत्येक चकतीत ते दिसत होते. उजवीकडं, खालच्या दोन मणक्यांपाशी, धाग्यांच्या जागी पांढरे फुगे होते, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे.

"पिशव्या," ऑपरेटर म्हणाला. "मूळ उपटून गेलंय, आवरण फाटलंय, तिथं पाणी साठलंय. ही दोन गेली. हे तिसरं अर्धं दिसतंय. वरची दोन आत शाबूत वाटतात, बाहेर कुठंतरी ताणली असतील. कुणाकडं होता हा?"

निखत म्हणाली, "असाच, गावाकडं."

पुढच्या आठवड्यात सर्जननं म्हस्कू आणि म्हाळसाला समोर बसवून सांगितलं; निखत शेजारी उभी होती. हा सर्जन मुंबईहून महिन्यातून दोनदा यायचा. पंजा चालवणारी मुळं उपटली आहेत, ती जगात कुणी जोडू शकत नाही. वरची ताणलेली आहेत, त्यांतून खांद्यात थोडी ताकद येईल. कोपर वाकवायला बरगडीखालची नस वळवून दंडात जोडता येते. मार्चमध्ये आला असतात तर यश जास्त आलं असतं; आता निम्मं-निम्मं. करायचं का?

"पंजा न्हाईच का?" म्हाळसानं विचारलं.

"नाही."

म्हाळसानं नवऱ्याकडं पाहिलं. तो निखतकडं बघत होता. निखतला वाटलं, आता हा विचारेल की पहिल्याच दिवशी तुम्ही अंगठा दाबून उभ्या होतात, तेव्हा का नाही बोललात. त्यानं विचारलं नाही. त्याच्या डोक्यातही ते आलं नसावं. "कोपर तर कोपर," तो म्हणाला.

शस्त्रक्रिया जूनच्या शेवटी झाली, सहा महिन्यांना आठवडाभर उरला असताना.

जयसिंग डॉक्टरांना हे सगळं कळलं ते बापूसाहेबांकडून. त्यांनी निखतला बोलावून दहा मिनिटं सुनावलं आणि मग कामावर पाठवलं, कारण दौंडात दुसरा फोटो काढणारा नव्हता. तिनंही नोकरी सोडली नाही, कारण दौंडात दुसरं मशीन नव्हतं. फरक एवढाच झाला की ती संपतचा कागद घेऊन आधी बाहेर बाकापाशी जायची आणि माणसाला विचारायची, "बोट लावून दाखव, कुठनं कुठपर्यंत." संपत म्हणायचा, "बाईंनी पाटीच लावावी आता दाराला."

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी नवं एक्स-रे मशीन घेतलं. त्या निमित्तानं तालुक्यातले आठ-दहा डॉक्टर दुपारच्या जेवणाला जमले. बासुंदी होती. बापूसाहेब आले आणि त्यांनी जीपमधून म्हस्कूला आणलं. निखत नव्या मशीनपाशी उभी होती. तिला वाटलं तो तपासून घ्यायला आला असेल.

डॉक्टरांनी त्याला वरच्या दिवाणखान्यात नेऊन मधोमध उभं केलं; बासुंदीचा वाडगा घेऊन निखतही मागोमाग आली. सदऱ्याची उजवी बाही वर करायला लावली.

"ही केस आमच्याकडं निदान झाली," ते म्हणाले. "खेड्यात नसेची इजा ओळखणारे किती आहेत? साध्या फोटोवर पकडली आपण. मानेवर एवढासा टवका होता." त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. "बरगडीची नस दंडात जोडलीय. गंमत बघा. म्हस्कू, खोक."

म्हस्कू खोकला. उजवं कोपर झटक्यानं वाकलं, मनगट छातीपर्यंत आलं आणि त्याच्या टोकाला बोटं वळलेला, वाळलेला पंजा इकडून तिकडं झुलला. खोकला थांबला तसा हात खाली पडला.

डॉक्टर मंडळी हसली. त्यात वाईट हेतू नव्हता. त्यांना आश्चर्य वाटलं होतं. नस बरगडीची, म्हणून श्वास भरला की दंड ओढला जातो. सर्जननं म्हस्कूला हे आधीच सांगितलं होतं. दोन-तीन वर्षं सराव केला की श्वासाशिवाय वाकवता येईल. तोपर्यंत तो रोज पहाटे बांधावर बसून लांब श्वास घ्यायचा आणि कोपराशी अडकवलेली पिशवी उचलायचा. म्हाळसानं हे निखतला सांगितलं होतं. पिशवीत आता दोन शेर ज्वारी भरतो, म्हणाली होती.

"गावातबी हेच," बापूसाहेब म्हणाले. "पोरं म्हागं लागत्यात, म्हस्कूनाना खोका! हसला तरी उठतोय, शिंकला तरी उठतोय. लग्नात ह्याला फुडं बसवलं तर नवरा बघायचा सोडून लोक ह्यालाच बघत्यात."

निखतनं हातातला बासुंदीचा वाडगा खिडकीत ठेवला.  म्हस्कूच्या पंजावर भाजल्याचा व्रण अजून चकाकत होता आणि ग्लास टेकवणारा हात आता त्याच्याच पाठीवर होता.

यवतचे एक डॉक्टर उशिरा आले होते. ते म्हणाले, "मी बघितलं नाही. परत एकदा."

"खोक रे," जयसिंग डॉक्टर म्हणाले.

म्हस्कूनं निखतकडं पाहिलं नाही, कुणाकडंच पाहिलं नाही. त्यानं छातीतला श्वास सावकाश सोडला, सगळा, पोट आत जाईपर्यंत. आणि पुढचा घेतला नाही. हात सरळ खाली राहिला.

"अरं खोक की!" बापूसाहेबांनी पाठीवर थाप मारली.

म्हस्कूचा चेहरा तांबडा व्हायला लागला. गळ्याची शीर फुगली. हात हालला नाही.

"आज जमत नाही वाटतं," यवतचे डॉक्टर म्हणाले. कुणीतरी विषय बदलला. जयसिंग डॉक्टरांनी हातानंच जा म्हणून खूण केली.

म्हस्कूनं डाव्या हातानं बाही खाली केली आणि तो निघाला. निखत खिडकीपाशीच होती. तो पायऱ्या उतरला, फाटकातून बाहेर पडला, एक ट्रक जाईपर्यंत थांबला आणि रस्ता ओलांडून पलीकडं उभ्या असलेल्या टेम्पोच्या आडोशाला गेला. तिथं श्वास भरताना त्याचे खांदे वर आले, आणि कोपर वाकलं.